बोळातल्या सहा होड्या

आमच्या घरात चार महिने माझे सासरे माझ्याशी थेट बोलत नव्हते. भांडण झालं नव्हतं, कुणाचा आवाजही चढला नव्हता. जे सांगायचं ते फक्त सासूबाईंमार्फत. मी समोर बसलेली असले तरी ते त्यांच्याकडे बघून म्हणायचे, "तिला विचार, गॅसचा नंबर लावला का."

"ती इथेच बसलीय. तुम्हीच विचारा की," आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या.

मग ते पेपर उचलायचे. मी आईंना सांगायचे, "लावला." पेपराआडून मान हललेली दिसायची.

घरात सगळे त्यांना नाना म्हणायचे. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्यावरही हात रिकामे नसायचे. गल्लीतल्या कुणाचा कुकर, कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या दाराचं कुलूप सतत त्यांच्या पुढ्यात असायचं. मोजक्या बोलण्याचा माणूस, पण माझ्या लग्नापासून मला त्यांनी कधी परकं केलं नव्हतं. म्हणूनच ते चार महिने फार जड गेले.

ही दोन हजार सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. कॉलेजात असताना मी कयाक चालवायचे. सतरा फूट लांब, कमरेपुरती रुंद, फायबरची होडी. एकट्याने बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने पाणी कापत जायचं. लग्नानंतर ते सुटलं. पुढे एका शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा पुन्हा नदीवर गेले. गंगापूर रोडच्या बाजूला गोदावरीचं पाणी बंधाऱ्यामागे संथ होऊन पसरतं. तिथे शाळेतल्या आणि बाहेरच्या दहा-बारा मुलींना मी शिकवायला लागले. त्यातल्या तिघी पेठ तालुक्याकडच्या होत्या, शहरात वसतिगृहात राहणाऱ्या. डोंगर चढउतार करून कमावलेले खांदे होते त्यांचे. एकदा तोल सापडला की त्यांना धरणं अवघड व्हायचं. होड्या सहा. पाच लांब, एकेकटीच्या, आणि एक रुंद, दोघींची, नवशिक्यांसाठी. जिल्ह्याच्या हौशी संघटनेने त्या माझ्या सहीवर दिल्या होत्या. नीट राखल्या नाहीत तर परत जाणार, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

नाना बोलायचे थांबले ते ऑक्टोबरातल्या एका रविवारी.

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. मलाही होडीत बसव म्हणून आठवडाभर तिने धोशा लावला होता. नाना तिला घेऊन काठावर आले, खांद्यावर टॉवेल टाकून. मी तिला लाइफ जॅकेट घातलं, रुंद होडीत पुढे बसवलं आणि मागे बसून वल्हं मारायला लागले. काठापासून तीस-चाळीस फुटांवर गेलो असू. पाण्यात हात घालायला म्हणून ती एकदम एका बाजूला झुकली आणि होडी उलटली.

मी वर आले तेव्हा जॅकेट दिसत होतं, मुलगी दिसत नव्हती. जॅकेट मोठ्या मुलीच्या मापाचं होतं. पाण्याने ते वर उचललं आणि तिचं डोकं त्याच्या आत, पाण्याखाली राहिलं. मी तिचा हात शोधून तिला ओढून वर काढलं. काठावरच्या मुली नंतर म्हणाल्या, पाच-सहा सेकंद गेले असतील. मला ते तेवढे वाटले नाहीत, आजही वाटत नाहीत. काठावर आणल्यावर ती ओकली, खोकली, खूप रडली, आणि अर्ध्या तासाने तिने भेळ मागितली.

नाना पाण्याच्या कडेला उभे होते. टॉवेल दोन्ही हातांत धरलेला. बूट घोट्यापर्यंत पाण्यात. मी मुलीला त्यांच्याकडे दिलं. त्यांनी तिला गुंडाळलं, स्कूटरवर पुढे उभं केलं आणि घेऊन गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्या संध्याकाळपासून "तिला सांग" सुरू झालं.

ते संतापले आहेत, असं मी धरून चालले. संतापायचा त्यांना हक्कही होता. घरात मी एवढंच सांगितलं होतं, "होडी उलटली, लगेच बाहेर काढलं." जॅकेटचं कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. लहान मापाचं जॅकेट आपल्याकडे नाही, हे तिला होडीत बसवण्याआधी मला माहीत होतं. पट्टे आवळले की भागेल, असं मी ठरवून टाकलं होतं. नाना जितके गप्प राहत, तितकं ते माझ्या आत अडकून बसत होतं.

होड्या नदीजवळच्या एका द्राक्षबागायतदाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये असायच्या. माणूस चांगला होता. जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही होड्या ठेवायला गेलो तर तो दारात उभा होता.

"ताई, मला शेड मोकळी लागंल," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी क्रेट येत्यात. तोड सुरू व्हईल. लय दिवस सांभाळल्या मी तुमच्या होड्या, आता नाय जमायचं."

आठ दिवस होते. शाळेत विचारलं, जागा नव्हती. सतरा फुटांच्या सहा वस्तू कुठल्याच वर्गात, कुठल्याच जिन्याखाली मावत नाहीत. उन्हात जमिनीवर ठेवल्या तर फायबर वाकतं, तळाला पोक येतं, आणि पोक आलेली होडी सरळ चालत नाही. सोमवारपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे एकच जागा उरली. आमच्या घराच्या बाजूचा बोळ. घर आणि कुंपणाची भिंत यांच्यात जेमतेम पाच फूट रुंद आणि तीसएक फूट लांब पट्टा होता. तिथे आईंची कपडे धुवायची फरशी, एक नळ, कढीपत्त्याचं झाड आणि नानांचं हत्यारांचं कपाट. बोळ नानांचा होता. नवरा कंपनीच्या कामासाठी महिनाभर गुजरातेत गेलेला. मध्ये पडणारं कुणी नव्हतं.

मी आईंना विचारलं. आई म्हणाल्या, "जागा माझी नाही, त्यांची आहे. पण मी नाही म्हणणार नाही." याचा अर्थ काय घ्यायचा ते मला कळलं नाही. मी कागदावर रॅकचं चित्र काढलं. कुंपणाच्या भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकायची आणि त्यावर होड्या. दुपारी नाना झोपले असताना शेजारून ड्रिल मशीन आणलं आणि पहिलं भोक पाडलं. प्लग बसवला, बोल्ट आवळायला घेतला, तर प्लगसकट ओंजळभर प्लास्टर खाली आलं. भिंतीत विटेचं लाल तोंड उघडं पडलं.

आवाजाने नाना बाहेर आले. मी मशीन हातात घेऊन उभी. त्यांनी भोकात बोट घालून बघितलं, आणि घराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, तिला सांग, ही भिंत चार इंची आहे. हिच्यावर कॅलेंडर टांगायचं, होड्या नाही."

आई आतून म्हणाल्या, "ऐकलं तिने."

मला वाटलं, विषय संपला. पण मंगळवारी सकाळी शाळेत जायला निघाले तर बोळाच्या फरशीवर खडूने आकृती काढलेली होती. दोन उभे खांब, खाली पाटा, वर छज्ज्याला आधार. प्रत्येक खांबातून तीन हात बाहेर आलेले. भिंतीला कुठेही स्पर्श नाही. खाली लिहिलं होतं: दोन खांबांत अंतर?

मी तिथेच बसून विचार केला. होडी टोकांवर टेकवली तर मध्ये झोळ येतो, अगदी मध्ये टेकवली तर टोकं लोंबतात. मी खडू घेतला आणि लिहिलं, साडेसात फूट. दुपारी परत आले तर पुढचा प्रश्न होता. एका होडीचं वजन? मी लिहिलं, चौदा किलो, रुंद होडी तीस. मग, लोखंडावर टेकवायची का? त्यावर मी लिहिलं, नाही, घासली तर चिरते. त्याखाली त्यांनी एकच शब्द लिहिला, नवार. माळ्यावर दोन जुन्या पलंगांची नवार गुंडाळून ठेवलेली होती. हातांच्या टोकापासून खांबापर्यंत तिचे झोळ बांधायचे आणि त्यात होडी निजवायची.

बुधवारी आई कपड्यांची बादली घेऊन आल्या आणि फरशीकडे बघत उभ्या राहिल्या. "तुमची पत्रं पुसू का?" त्यांनी विचारलं. नाना कपाटात काहीतरी शोधत होते, मी नवार सोडवत होते. कुणी हसलं नाही. आईंनी बादली ओतली.

अँगल नानांनीच कापून आणले. हात खांबाला जोडायला वेल्डिंग लागणार होतं. सातपूरला त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं वर्कशॉप होतं. गुरुवारी सगळे तुकडे स्कूटरला बांधून ते निघाले तेव्हा मी आईंना म्हणाले, "वर्कशॉपमध्ये वेल्डर असेल ना? त्याच्याकडून करून घेतलं तर लवकर होईल." मला खरंच फक्त वेळेची काळजी होती.

नाना स्कूटरवर बसलेले, किक मारायला पाय उचललेला. पाय खाली आला. "तिला सांग," ते म्हणाले, "वेल्डिंग मी करणार." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

संध्याकाळी ते खांब घेऊन आले. मी बोळाच्या तोंडाशी उभी राहून बघत होते. प्रत्येक जोडावरून ते अंगठा फिरवत होते. एकदा, दोनदा, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, कारागीर आपलं काम कुरवाळतोय. मनात थोडा रागही आला. एवढं सगळं करतील, पण माझ्याशी एक शब्द बोलणार नाहीत.

शनिवारी दुपारी खांब उभे राहिले. छज्ज्याला आधार दिला, नवारीचे झोळ बांधले. काम देखणं झालं होतं. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापाशी ठेवला. पाणी पिऊन ते आईंना म्हणाले, "तिला सांग, आता दोन दिवस वाळूचे डबे टांगायचे. सगळ्या हातांना. मग होड्या."

"उद्या होड्या निघाल्याच पाहिजेत," मी आईंना म्हणाले. "सकाळी क्रेटची गाडी येतेय. सगळ्या मुलींना सात वाजता बोलावलंय."

"तिला सांग, उद्या नाही."

आई आमच्या दोघांच्या मध्ये उभ्या होत्या, हातात धुतलेला टॉवेल. त्यांनी तो दोरीवर टाकला आणि त्या आत निघून गेल्या. बोळात आम्ही दोघंच उरलो.

"नाना," मी म्हणाले, "मी इथे उभी आहे. मला सांगा. का नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं तर माझ्या खांद्याच्या थोडं पलीकडे. ते काहीतरी बोलणार असं वाटलं. ओठ हलले. मग ते दाराकडे वळून रिकाम्या घराला उद्देशून म्हणाले, "माझं म्हणणं मी सांगितलंय." आणि आत गेले.

मला तेव्हा एकच दिसलं. हे मला अडवताहेत. होड्या घरी आल्याच नाहीत तर शेडबाहेर उन्हात पडतील, संघटना परत नेईल, नदी बंद होईल. तेच त्यांना हवंय. मी ठरवलं, उद्या होड्या चढवायच्या.

रविवारी सकाळी आम्ही शेडमधून निघालो. बारा मुली, दोघींच्या खांद्यांवर एक होडी. दीडेक किलोमीटरचा रस्ता. दुधाच्या सायकली थांबून बघत होत्या. मुली खुशीत होत्या, पेठकडची एक पुढच्या होडीखालून सारखी विचारत होती, "मॅडम, तुमच्या घरात खरंच मावतील का?" मी मावतील म्हणत होते.

नाना बोळाच्या दारात उभे होते. ते बाजूला झाले नाहीत आणि आडवेही आले नाहीत. मी म्हणाले, "नाना, जरा," तेव्हा एक पाऊल मागे सरकले. रुंद होडी आम्ही सगळ्यात खालच्या हातांवर ठेवली. तिच्याशेजारी एक लांब. मग मधल्या हातांवर दोन. काही झालं नाही. नवार ताणली गेली आणि होड्या तिच्यात बरोबर बसल्या. मी नानांकडे बघितलं. त्यांचे डोळे होड्यांवर नव्हते, जोडांवर होते.

वरच्या हातांवर पहिली होडी गेली. दुसरी चढवताना दोघी मुली टाचा उंचावून ढकलत होत्या. मी पुढच्या टोकाला, हात वर करून होडी धरलेली. मागच्या खांबाजवळच्या मुलीचा हात पुरेना म्हणून तिने वरच्या लोखंडी हाताला धरून अंग वर ओढलं.

टक्क असा आवाज आला. फार मोठा नव्हता, सुपारी फुटल्यासारखा.

मागचा वरचा हात खाली झुकला. दोन्ही होड्यांची शेपटं त्या बाजूला घसरायला लागली. त्यांच्या खाली ती मुलगी होती, तिच्यामागे भिंत, आणि तिला सरकायला जागा नव्हती. मला ते दिसत होतं आणि हलता येत नव्हतं. मी पुढचं टोक सोडलं असतं तर दोन्ही होड्या तिच्यावर गेल्या असत्या.

नाना कधी आत शिरले ते मला दिसलंच नाही. वाकून, मुलींच्या मधून, ते त्या हाताखाली गेले आणि त्यांनी खांदा वर लावला. लोखंड त्यांच्या गळ्याच्या हाडापाशी टेकलं. त्यांचा चेहरा पांढरा झाला.

"खाली बस," ते त्या मुलीला म्हणाले. "बस, आणि रांगत बाहेर जा." ती बसली, त्यांच्या पायांजवळून रांगत गेली. मग त्यांनी मान वळवली आणि थेट माझ्याकडे बघितलं. "तू सोडू नकोस," ते म्हणाले. "धरून ठेव. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

"नाही सोडत," मी म्हणाले.

बाकीच्या मुलींनी एकेक करून होड्या उतरवल्या. आधी वरची बाहेरची, मग आतली. नाना सांगत होते, कुणी कुठे धरायचं, कुणी आधी सरकायचं. आवाज अगदी सपाट होता. शेवटची होडी उतरली तेव्हा त्यांनी खांदा काढला. लोखंडी हात लटकून लोंबला आणि मग तुटून फरशीवर पडला. त्यांच्या सदऱ्यावर खांद्यापाशी रक्ताची रेघ होती.

मी मुलींना चहा न देताच घरी पाठवलं. जिच्यावर होड्या येणार होत्या ती सगळ्यात शांत होती. जाण्याआधी मुलींनी होड्या घरात नेल्या. चार दिवाणखान्यात गाद्यांवर, दोन तिरक्या, शेपटं स्वयंपाकघरात. आईंनी बर्फ फडक्यात बांधून माझ्या हातात दिला आणि बोळाकडे बोट केलं.

नाना धुण्याच्या फरशीवर बसले होते. तुटलेला लोखंडी हात मांडीवर. मी बर्फ पुढे केला, तो त्यांनी घेतला.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "तुम्ही दोन दिवस म्हणाला होतात."

"हे बघ," ते म्हणाले. त्यांनी जोडाची बाजू माझ्याकडे वळवली. मला त्यातलं फार कळत नव्हतं, तरी दिसलं. वेल्डिंगचा टाका लोखंडात शिरलाच नव्हता. मेणबत्तीचं मेण फरशीवर सांडावं तसा नुसता वर बसला होता. "वेल्डिंगच्या काचेतून मला नुसता उजेड दिसतो. टाका कुठे धावतोय ते दिसत नाही. वर्ष झालं. अंदाजाने केलं."

"मग त्या वेल्डरला का नाही..."

त्यांनी बर्फ खांद्यावर दाबला.

"बत्तीस वर्षं तेच केलं," ते म्हणाले. "तिथे जाऊन काय सांगू, मला दिसत नाही म्हणून? म्हणून डबे टांगू म्हणत होतो. डब्यांनी कळलं असतं. कुणाला काही सांगावं लागलं नसतं."

कुंपणापलीकडे शेजारची बाई कपडे आपटत होती. ती थांबेपर्यंत ते बोलले नाहीत.

"नदीवर पण तेच झालं," ते म्हणाले.

त्यांनी फडक्यातलं वितळलेलं पाणी पिळून काढलं.

"मी दोन पावलं पाण्यात टाकली. पुढे पाय उचलेना. जॅकेट दिसत होतं, पोर दिसत नव्हती, आणि मी टॉवेल धरून उभा. पोहता येत नाही मला. नसेना का येत. नातीसाठी माणूस पुढे तरी जातो."

"तुम्ही आला असता तर मला दोघांना काढावं लागलं असतं," मी म्हणाले.

"ते तुझं झालं." त्यांनी मान हलवली. "तुझ्यावर राग होता. अजून आहे. पण तुझ्याकडे बघितलं की मला तो टॉवेल आठवतो. म्हणून बघत नव्हतो."

चार महिने मी त्यांच्या गप्प राहण्याचा एकच अर्थ लावला होता. तो सगळा माझ्याबद्दल होता असं मला वाटत होतं. आता ते एवढं बोलले होते आणि मी काहीच बोलले नव्हते. अजूनही नाही बोलले तर चाललं असतं. त्यांना माहीत नव्हतं, कधी कळलंही नसतं.

"जॅकेट तिच्या मापाचं नव्हतं," मी म्हणाले. "मला आधीच माहीत होतं. म्हणून ती खाली राहिली. मी घरात कुणाला सांगितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी खांद्यापलीकडे नाही. मला वाटलं, काहीतरी कडक ऐकायला मिळेल आणि ते मिळालं तर बरं होईल. ते उठले. लोखंडी हात भिंतीला टेकवून ठेवला आणि आत गेले. दुपारी जेवले नाहीत. आईंनी दोनदा हाक मारली, मग ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी माझी मुलगी त्यांच्या खोलीत जाऊन बसली तेवढीच. त्या दिवशी मला वाटलं, खरं बोलून मी होतं तेही घालवलं.

सोमवारी सकाळी मी डबा भरत होते. होड्यांची शेपटं ओलांडत ते स्वयंपाकघरात आले.

"रॅक नंतर," ते मला म्हणाले. "आधी पोरांच्या मापाची जॅकेटं. किती लहान मुली आहेत तुझ्याकडे?"

"चार."

"मिळतात का इथे?"

"नाशकात नाहीत. मागवावी लागतील."

"मग ती येईपर्यंत लहान मुली पाण्यात जाणार नाहीत." एवढं म्हणून ते थांबले. "आणि मोठ्यांची आहेत त्यांना खालून पट्टा लाव. मांड्यांमधून. म्हणजे वर सरकणार नाही. नवार उरलीय."

आईंनी त्या आठवड्यात शिलाई मशीनवर आठ पट्टे शिवले. नानांनी प्रत्येक पट्टा दोन हातांनी ओढून बघितला. दोन उसवून पुन्हा शिवायला लावले, आणि आई त्याबद्दल दिवसभर कुरकुरत होत्या.

रॅक त्यांनी पुन्हा केला, पण वेल्डिंगशिवाय. सगळे जोड नट-बोल्टचे. "याला डोळे लागत नाहीत," ते म्हणाले. भोकं मी पाडली, नट त्यांनी आवळले. तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून सहाही हातांना टांगली. दोन दिवस, म्हणजे पूर्ण दोन दिवस. जाता-येता ते खाली वाकून हात किती झुकलाय ते दोरी लावून बघायचे. तोवर आम्ही होड्या ओलांडत वावरत होतो. माझी मुलगी एकीत बसून अभ्यास करायची. त्यानंतरच्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी होड्या चढल्या. मुलींना बोलावलं नाही. मी, आई आणि नाना, तिघांनीच एकेक करून चढवल्या. बोलणं झालं ते फक्त "वर," "जरा डावीकडे," "बस्स" एवढंच.

सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. जॅकेटची गोष्ट मी नवऱ्याला फोनवर सांगितली आणि तो परत आल्यावर आमचं भांडण झालं, चांगलं चार दिवस चाललं. नाना त्यात पडले नाहीत. माझ्यावरचा त्यांचा राग किती उरला, कधी गेला, मला माहीत नाही. उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. नदीवर मात्र ते पुन्हा कधी आले नाहीत. स्पर्धा असो, मुलीने हट्ट धरो. मी एकदा म्हणाले, "नुसतं वर रस्त्यावर उभे राहा." ते म्हणाले, "नको." मी पुन्हा विचारलं नाही.

होड्या आमच्या बोळात पाच वर्षं राहिल्या. होड्या मावतील का विचारणारी पेठकडची ती मुलगी पुढे राज्याच्या संघात गेली. नंतर संघटनेला नदीकाठी स्वतःची जागा मिळाली आणि बोळ पुन्हा रिकामा झाला.

त्या पाच वर्षांत नानांची एक सवय झाली होती. पेपरात धरणातून पाणी सोडण्याची बातमी कुठल्या तरी कोपऱ्यात बारीक अक्षरात यायची. ती ते शोधून काढायचे. एकदा मला उशीर झाला होता, गाडीची किल्ली सापडत नव्हती.

"आज आवर्तन सुटतंय," ते म्हणाले. "दुपारनंतर पाणी वाढेल."

"हो, वाचलंय मी."

"वाचलं असलंस तरी सांगतोय."

मी किल्ली घेतली. "चारच्या आत परत येते," म्हणाले आणि निघाले.